मदत हवी आहे: नमनातल्या रावणाची दहा तोंडं हलकी कशी करायची?

मंडळी, नमस्कार. गुहागर तालुक्यात आमच्या वाडीचं नमन आहे, म्हणजे कोकणातला लोकनाट्याचा खेळ. गण, गवळण, संकासूराचं सोंग आणि मग वग, म्हणजे गोष्टीचं नाटक. वगात रावण आला की आईच्या मांडीवर झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात, म्हणून त्याची तोंडं झकास व्हावीत असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षी ती मीच केली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रद्दीच्या लगद्याचे मुखवटे, मैद्याची खळ, वरून ऑइलपेंटचे दोन हात. मधलं तोंड नटाचं स्वतःचं, एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. वजन भरलं साडेसहा किलो आणि सगळं मुकुटाला बांधलेलं. पहिल्या प्रयोगाला निभावलं. शिमग्यात मात्र देवळासमोर उघड्यावर खेळ होता. बारानंतर दव पडायला लागलं तशी कडेची तोंडं मऊ पडून लोंबायला लागली. पाचांच्या बाजूला सगळा डोलारा कलंडायचा आणि काका मान तिरकी करून तो सावरत नाचायचे. रावण करणारे काका ५८ वर्षांचे आहेत. रंग पुसताना एवढंच म्हणाले, "पोरा, मान धरली रं." पुढे आठ दिवस त्यांना मान वळवता येत नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

उरलेल्या तोंडांना पावसाळ्यात बुरशी आली. आजोबांच्या वेळचा पांगाऱ्याचा गणपतीचा मुखवटा अजून ठणठणीत आहे, पण तो कायम चुलीवरच्या माळ्यावर, धुरात राहिला. आता घरात गॅस आहे.

थर्माकोलवरही करून पाहिलं. सॉल्व्हंटवाला गोंद लागताच तो विरघळून खड्डे पडले. शिवाय आमच्याकडे मशाल असते, तिच्याजवळ थर्माकोल नकोच.

मला हवंय ते असं: एकूण वजन अडीच किलोच्या आत, दवात टिकणारं, आणि काकांनी मान फिरवली की दहाही तोंडं फिरली पाहिजेत. खांद्यावर पट्ट्यांनी बांधलं तर मानेला आराम मिळेल हे कळतं, पण मग तोंडं पाठीवर ठोकल्यासारखी दिसतात. खळीत मोरचूद घातला तर बुरशी थांबेल का? चतुर्थीला चाकरमानी येतील, मुंबईहून काही सामान आणायचं असेल तर आत्ताच सांगा.

*प्रतिसाद १*
दादा, मोरचूद बुकबाइंडिंगच्या खळीत घालतात, पण तो विषारी आहे. घामेजल्या चेहऱ्याजवळ, डोळ्यांजवळ अजिबात नको. मैद्याऐवजी पांढरा फेव्हिकॉल पाणी घालून वापरा.
मुखवट्यांना आतून रंग दिला होता का?

*धागाकर्ता*
नाही. आतून कोण बघतंय, म्हणून कोराच ठेवला.

*प्रतिसाद १*
मग दव तिथूनच शिरलं. बाहेर ऑइलपेंट, आत उघडा कागद, तो हवेतलं पाणी ओढतच राहणार. दोन्ही अंगांनी आणि कडांनाही वॉर्निश द्या. त्याआधी कडक उन्हात चार दिवस वाळवा, नाहीतर ओल आत कोंडेल. आणि लगदा सोडा. शाडूचा एकच साचा करा, त्याला तेल लावा, वर कागदाच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर द्या. पट्ट्यांचा मुखवटा लगद्यापेक्षा पातळ होतो आणि जास्त ताठ राहतो. पुढचं अर्धंच तोंड करा, मागचं डोकं कुणाला दिसत नाही. एक तोंड दीडशे ग्रॅममध्ये बसवलंत तर नऊ मिळून साडेतेराशे.

*प्रतिसाद २*
मी हौशी नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, करतो. वजनाइतकंच ते कुठे आहे हे बघा. टोकाचं तोंड मानेपासून सगळ्यात लांब, म्हणून तेच सगळ्यात जास्त खेचतं. कडेला जाल तशी तोंडं लहान करा, प्रेक्षकांना उलट ती रांग लांबवर गेल्यासारखी भासते. पाचवं अगदी छोटं ठेवा आणि चारांची बाजू दोन बोटं बाहेर सरकवा, तोल सापडेल. रंगवण्याआधी सांगाडा मधोमध दोरीला टांगून बघा.
मुकुटाच्या आत सायकल हेल्मेटची पट्टी आणि हनुवटीखाली बंद द्या, म्हणजे भार कपाळावर न येता डोकंभर वाटला जाईल. मुंबईहून मागवायचाच तर मुकुटासाठी ईव्हीए फोम (रबरासारखा हलका फोम) मागवा, फक्त तोही मशालीपासून लांब ठेवा. रंग मॅट घ्या, हॅलोजनखाली ऑइलपेंट चकाकतो आणि भुवया, मिशा दिसेनाशा होतात.

*धागाकर्ता*
दोघांचेही मनापासून आभार. दोरीला टांगून बघायचं मला सुचलंच नव्हतं. कालच खोक्याच्या पुठ्ठ्याची नऊ तोंडं कापून कामटीला लावली आणि पडवीत टांगली. पाचवं तळहाताएवढं केल्यावर कामटी सरळ राहिली. संध्याकाळी काकांच्या डोक्यावर ठेवून त्यांना दोन गिरक्या मारायला लावणार आहे. एकच अडचण उरली: गिरकी थांबली तरी कडेची तोंडं मागून हलत राहतात. मागे आडवी दुसरी कामटी द्यावी, की मुकुटापासून टोकापर्यंत ताणाच्या दोऱ्या?