स्टार्टअप सोडून जिल्हा परिषद शाळांत कोडिंग शिकवायचं आहे: आधी काय करावं?

प्रश्न (बॅकएंडवाला_पुणे): पायथॉन आणि गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येतात. नोकरी सोडून सहावी ते आठवीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचं काम पूर्णवेळ करायचं आहे. स्वतःची संस्था काढू की चालू संस्थेत जाऊ? आणि शाळेतले कॉम्प्युटर जुने असतील, नेट नसेल, तर सुरुवात कशाने करायची?

अनुदानरेषा: संस्था इतक्यात काढू नका. बाहेरच्या संस्थेला सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) घ्यायचा तर १२ए, ८०जी (या दोन्ही आयकर खात्याच्या), सीएसआर-१ (कंपनी खात्याची) या नोंदण्या आणि किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी देणग्या घेण्यासाठीच्या नेहमीच्या एफसीआरए नोंदणीलाही तीन वर्षं लागतात, शिवाय त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दिसावा लागतो. म्हणजे कलम ८ खाली (ना-नफा) कंपनी उद्या नोंदवलीत तरी पहिली तीन वर्षं लोकांच्या देणग्यांवर काढायची.

चालू संस्थेत जाताना मुलाखतीतच विचारा: माझा पगार कोणत्या प्रकल्पातून निघणार, त्याचं अनुदान कधीपर्यंत मंजूर आहे, ते थांबलं तर पुढे काय? यात संकोच नको, चांगल्या संस्था सरळ सांगतात. आणखी एक. कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. आईवडील त्यात असतील तर राजीनाम्याआधीच त्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, कारण जुन्या आजारांना नव्या पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो.

खडू_आणि_कीबोर्ड: शाळेतल्या अडचणी अभ्यासक्रमाच्या कमी आणि यंत्रांच्या, वेळेच्या जास्त असतात. मुलांसाठी ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायचं स्क्रॅच घ्याल, तर स्क्रॅच ३ ला वेबजीएल (ब्राउझरमध्ये चित्रं दाखवायचं तंत्र) लागतं, जुन्या ग्राफिक्सवर ते उघडतच नाही. विंडोज ७ आणि २ जीबी रॅम असेल तर स्क्रॅच १.४ टाका. त्यात क्लोन (चालू प्रोग्रॅममध्ये पात्राच्या प्रती) नाहीत, स्वतःचे ब्लॉकही बनवता येत नाहीत, पण लूप, अटी, व्हेरिएबल, संदेश सगळं आहे. पहिल्या वर्षाला पुरतं. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर न्या आणि मुलांच्या फायलींसाठी तोच पेनड्राइव्ह वापरू नका, व्हायरस एका दिवसात सगळ्या यंत्रांवर पसरतो. तारीख मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. नाहीतर हॉटस्पॉट जोडलात तरी ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवून साइट अडवतो.

तासिका ३५-४० मिनिटांची असते आणि यंत्रं सुरू होण्यातच दहा मिनिटं जातात. म्हणून जोडतासिका मागा. ४० मुलं आणि आठ चालू यंत्रं असतील तर निम्मा वर्ग कागदावर: छापलेला प्रोग्रॅम वाचून तो काय करेल ते लिहायचं. मग जागा बदलून तोच चालवून बघायचा, मग त्यात बदल करायचा. कोऱ्या पडद्यासमोर बसवलं की धीट मुलगा माउस धरतो आणि बाकीचे नुसते बघत राहतात. शेवटची पाच मिनिटं सेव्ह करायला ठेवा, वीज सांगून जात नाही.

आठवीला पायथॉन घ्याल तर ते लिहायला-चालवायला थॉनी हे सॉफ्टवेअर वापरा. नेटशिवाय चालतं, एकेक पायरी दाखवतं. देवनागरी अंकांकडे लक्ष ठेवा: इनपुटमधून आलेला ‘५’ इंट फंक्शन (मजकुराचा आकडा करणारं) नीट वाचतं, पण प्रोग्रॅमच्या ओळीतच ५ लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, येते. मूल गोंधळतं, कारण त्याच्या नजरेत दोन्ही ५ सारखेच.

केंद्रशाळा: मुख्याध्यापकांचा होकार घ्याच, पण गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी पत्रही हवं. एकापेक्षा जास्त तालुके असतील तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जा. वर्गात शाळेचे शिक्षक बसलेच पाहिजेत, ही अट सुरुवातीलाच घाला, आणि प्रत्येक शाळेत दोन शिक्षक तयार करा. एकाची बदली झाली की कॉम्प्युटरची खोली कुलूपबंद होते, हे फार ठिकाणी घडतं.

बॅकएंडवाला_पुणे: राजीनाम्याआधी हे काम करून बघता येईल का?

केंद्रशाळा: येईल. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात आणि तुम्हाला सुट्टी. जूनपासून दिवाळीपर्यंतचं एक सत्र एकाच शाळेत, एकाच इयत्तेला शिकवा. परवानगीचं पत्र मात्र मे महिन्याच्या सुट्टीआधी द्या, जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकवाटपात कुणाला वेळ नसतो.