खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचेच सांधे, मग खांदाच का निखळतो?

पारिजात_ठाणे:
नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या लेकीचा आहे, मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतेय. ती सहावीत आहे, अस्थिसंस्थेचा धडा चालू आहे, त्यात बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा असं सगळं आहे. उखळीच्या सांध्याला उदाहरणं खांदा आणि खुबा. आता झालंय असं की तिचा दादा कबड्डी खेळतो, गेल्या महिन्यात चढाईवरून परतताना कोणीतरी मागून पाय धरले, हा आडवा पडला, मध्यरेषेला टेकवायला हात डोक्याच्या वर लांब केला आणि तेवढ्यात दुसऱ्याने तोच हात धरून मागे ओढला. खांदा निखळला. खांद्याची गोलाई गेली होती हो, कडेला नुसता चौकोनी कोपरा दिसत होता, अजून डोळ्यासमोरून जात नाही ते. मैदानावरचे एक काका म्हणत होते एक झटका देतो, बसेल लगेच, पण त्यांच्या सरांनी कोणाला हात लावू दिला नाही, झोळी बांधून दवाखान्यात नेलं, एक्सरे काढून मग बसवला. आता लेक विचारतेय, आई, दोन्ही उखळीचेच सांधे ना, दादा कंबरेवर तर रोज आपटतो मग खुबा कधीच कसा निखळत नाही?

फिजिओताई:
लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या, फार नेमकं विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे पेशंट रोज बघते.

घोळ त्या उखळ शब्दाने होतो. खुब्यात खरंच उखळ आहे, कमरेची तीन हाडं एकत्र येऊन खोल वाटी झालेली असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात चांगला रुतून बसतो. खांद्यात उखळ नाहीच, बशी आहे, आणि तीही लहान. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे कुठल्याही क्षणी गोळ्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच बशीला टेकलेला असतो. बशीच्या कडेने कूर्चेची एक गोल कड असते, लॅब्रम म्हणतात तिला, कुकरच्या रिंगसारखी समजा, तिच्यामुळे बशी जरा खोल होते. बाकी सगळी भिस्त स्नायूंवर. रोटेटर कफचे चार स्नायू गोळ्याला पुढून, वरून आणि मागून बशीत दाबून धरतात, हाडाची पकड म्हणाल तर जवळपास नाहीच.

आता दादाचा हात कसा होता बघा, वर, बाहेर आणि वरून मागे ओढलेला. खांद्यासाठी सगळ्यात वाईट पोझिशन हीच, गोळा पुढच्या बाजूला ढकलला जातो आणि तिथलं सांध्याचं आवरण ताणून किंवा फाडून बाहेर येतो. निखळणाऱ्या खांद्यांतले बहुतेक सगळे असेच पुढे निखळतात.

आणि त्या सरांना माझा नमस्कार सांगा, मनापासून सांगतेय. काखेतून एक नस (मज्जातंतू) त्या गोळ्याच्या अगदी खालून वळसा घालून जाते, शिवाय निखळताना हाडाचा कपचा उडालेला असू शकतो, हे न बघता झटका दिला तर नस दुखावते, आहे ते फ्रॅक्चर वाढतं. खांदा बसवायच्या आधी आणि नंतर डॉक्टर दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून कळतंय का विचारतात ते या नसेसाठीच.

लेकीला घरी करता येईल असा प्रयोग सांगते (दादावर नको, बाबांवर). बाबांच्या पाठीवर खांद्यामागचं जे चपटं तिकोनी हाड लागतं त्याच्यावर तळवा ठेवायचा आणि त्यांना हात बाजूने हळूहळू कानापर्यंत न्यायला सांगायचं. सुरुवातीला हाड फारसं हलत नाही, मग त्याचा खालचा कोपरा काखेकडे सरकायला लागतो, हाताखाली स्पष्ट कळतं. पूर्ण हात वर जातो त्या १८० अंशांतले साधारण १२० गोळा आणि बशीमधले, उरलेले ६० ते हाड फिरल्यामुळे. म्हणजे बशीसुद्धा गोळ्याच्या मागोमाग फिरते!

साताऱ्याचे_मास्तर:
ताईंनी छान सांगितलं. मी विज्ञान शिकवतो, वर्गात याच धड्याला मुलं म्हणतात सर उखळीचा सांधा ३६० अंशात फिरतो, तर मी त्यांना उभं करतो आणि सांगतो एक पाय सरळ ठेवून मागे न्या, कंबर वाकवायची नाही. थोडा जातो आणि अडतो. तोच पाय गुडघ्यात वाकवून पुढे घेतला तर मांडी पोटाला लागते. खुब्याच्या पुढच्या बाजूला एक जाड लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आहे, उलट्या वाय अक्षराच्या आकाराचं, शरीरातलं सगळ्यात मजबूत लिगामेंट तेच, पाय मागे जायला लागला की ते ताणलं जातं आणि थांबवतं. त्याचा फायदा असा की आपण ताठ उभे असतो तेव्हा त्या लिगामेंटवर रेलून उभे असतो, खुब्याच्या स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही. अख्ख्या धडाचं वजन पेलायचंय म्हटल्यावर तिथे बशी चालणार नाही, उखळच हवं.

खुबा निखळतच नाही असं मात्र नाही हं. गाडीच्या धडकेत पुढे बसलेल्याचा वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आदळला की मांडीचं हाड मागे ढकललं जाऊन निखळतो, पण त्याला तेवढा प्रचंड दणका लागतो. कबड्डीत पडून सहसा नाही.

कृष्णाकाठ:
मास्तर, आमच्याकडे अपघात नसताना याचीच भीती होती म्हणून लिहितो. आईचा खुबा बदलला, ऑपरेशन मागच्या बाजूने झालं, तर सर्जननी घरी सोडताना बजावलं की मांडी घालायची नाही, पाटावर किंवा बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आईने सगळी हयात जमिनीवर बसून भाजी निवडली, तिला ते फार लागलं. मी विचारलं की उखळ एवढं खोल असतं तर गोळा बाहेर कसा येईल, तर ते म्हणाले आत शिरताना मागचं आवरण आणि स्नायू कापावे लागतात, ते शिवले तरी भरून यायला वेळ लागतो, तोपर्यंत पाय जास्त वाकवून आत वळवला की नवा गोळा मागून निसटू शकतो. तेव्हा मला कळलं की नुसत्या हाडाच्या आकारावर काहीच टिकत नाही, भोवतालचं आवरण पण तितकंच लागतं. आम्ही मग ओट्याशी उंच खुर्ची ठेवली, आई तिथे बसून निवडते भाजी.

पारिजात_ठाणे:
किती छान समजावलंत सगळ्यांनी! बाबांच्या पाठीवर प्रयोग झाला, ते हाड सरकताना हाताला लागलं तेव्हा लेक अक्षरशः ओरडली. वहीत खुब्याखाली उखळ आणि खांद्याखाली बशी काढलीय तिने. ताई, एकच विचारते, दादा रोज म्हणतोय की आता दुखत नाही, मग पुढच्या महिन्यात स्पर्धेला जाऊ का. काय सांगू?

फिजिओताई:
नाही म्हणा, आणि ठामपणे म्हणा. दुखणं थांबलं म्हणजे फाटलेलं आवरण जुळलं असं नसतं, आणि कोवळ्या वयात पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायचं प्रमाण खूप जास्त असतं, दर वेळी ती कड आणि बशीचं हाड आणखी झिजतं. कधी उतरायचं हे तारीख बघून नाही ठरवायचं, तुमचे डॉक्टर दोन्ही हातांची ताकद आणि हालचाल तपासून सांगतील. ते चार स्नायू आणि पाठीवरचं हाड धरणारे स्नायू तयार व्हायला महिने लागतात, व्यायाम तुमच्या फिजिओकडूनच शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. आणि झोळी काढायची परवानगी मिळाली तरी सुरुवातीला हात डोक्यामागे नेऊ देऊ नका, केस विंचरायलासुद्धा दुसरा हात. शर्ट घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना तीच शेवटी.