शब्दचर्चा: 'व्हिजिलान्टी'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ:
मंडळी, एक शब्द अडलाय. भाच्यासाठी एका अमेरिकन कॉमिकचं मराठी करायलोय, एक्स मशिना, 2004 ते 2010 मध्ये 50 अंक निघाले त्याचे. हीरो मिचेल हंड्रेड मूळचा सिव्हिल इंजिनिअर, त्याला मशिनशी बोलता येतं, आधी हेल्मेट घालून उडत फिरतो, गुंडांच्या मागं लागतो, मग ते सगळं सोडून निवडणूक लढवतो आन न्यूयॉर्कचा मेयर होतो. मेयरला महापौर केलं. पण आधीच्या काळात त्याला 'व्हिजिलान्टी' म्हणतात तिथं गाडी अडली. 'कायदा हातात घेणारा' एवढं लांबलचक फुग्यात मावत नाही.

परभणीकर:
दादा, जागल्या!! शब्द स्पॅनिशमधून आलाय, तिथं अर्थ पहारेकरी, आन मूळ लॅटिन धातूचा अर्थ जागं राहणं. म्हणजे आपली जागलच की. जवारी हुरड्यात आली की आमचे वडील रोज जेवण करून आखाड्यावर जायचे, घोंगडी, बॅटरी आन एक रिकामा पत्र्याचा डबा, रानडुकरं आली की डबा बडवायचे आन शेजारच्या रानातून दुसऱ्याची हाळी यायची, त्या आवाजावर आम्ही घरी निवांत झोपायचो. मला तर व्हिजिलान्टी म्हणलं की तो डबाच ऐकू येतो.

उदगीरकर:
ताई, मूळ बरोबर धरलंत पण अर्थ उलटा होतो बघा. जागल्याला गाव नेमायचं, त्याचं बलुतं ठरलेलं असायचं, चोरी झाली तर जाब त्याला विचारायचे. व्हिजिलान्टीला कोणीच नेमलेलं नसतं. 1851 ला सॅन फ्रान्सिस्कोत व्यापारी वगैरे लोकांनी 'व्हिजिलन्स कमिटी' काढली, नाव जागं राहण्याचं आन स्वतःच माणसं धरून स्वतःच फाशी दिली. दुसरं म्हणजे पेपरवाले आता व्हिसलब्लोअरला जागल्या लिहितात, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटेल हा ऑफिसातला घोटाळा बाहेर काढणारा माणूस आहे.
आणि आपल्या भागात तर हा फरक लई जपायला पाहिजे. रजाकार शब्दाचा नुसता अर्थ काय, रजा म्हणजे मर्जी, आपल्या मर्जीनं काम करणारा, स्वयंसेवक. पण 17 सप्टेंबर 1948 च्या आधी ह्या मर्जीवाल्यांनी हातात बंदुका घेऊन काय केलं ते माहिताय ना. आमची आजी तो शब्द कानावर आला की हातातलं काम ठेवून उठून जायची. न नेमलेल्या रखवालदाराला आपण इतका चांगला शब्द देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परभणीकर:
हे पटलं. मग 'आपमुखत्यार जागल्या' म्हणलं तर? मुखत्यारपत्र अजून तहसीलला रोज चालतं, तर आपमुखत्यार म्हणजे स्वतःच स्वतःला अधिकार देऊन बसलेला, कोणालाबी कळंल.

उदगीरकर:
हा, हे चाललं. पोलिसांच्या तोंडी नुसतं 'आपमुखत्यार' टाका, शिवीसारखं लागतंय आन फुग्यातही बसतंय.
पण गोदाकाठ दादा, महापौर लिहून मोकळे होऊ नका. शब्द सावरकरांचा, सुंदर आहे, पण आपला महापौर नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेला, मुदत अडीच वर्षं, आन कारभाराच्या सह्या आयुक्ताच्या. न्यूयॉर्कचा मेयर लोक थेट मतदानानं चार वर्षांसाठी निवडतात आन शहराचा पोलीस कमिशनर तोच नेमतो. म्हणजे कालपर्यंत पोलीस ज्याच्या मागं होते तोच त्यांचा साहेब नेमायला बसला! गोष्टीतली खरी मेख ती आहे आन 'महापौर'मध्ये ती मरते. लातूरचा वाचक म्हणंल, महापौर झाला तर काय झालं, सभा चालवंल.

गोदाकाठ:
हे डोक्यातच आलं नव्हतं. नगराध्यक्ष करू का मग, ते तरी थेट निवडून येतात?

उदगीरकर:
नको, नगराध्यक्ष म्हणलं की छोटं गाव डोळ्यापुढं येतं, न्यूयॉर्क नाही. मेयरच ठेवा आन पहिल्या पानावर कोणाच्या तरी बोलण्यातून सांगून टाका की पोलीस ह्याच्या हाताखाली.

परभणीकर:
आन दादा, तो निवडून आला त्या पानापासून 'आपमुखत्यार' काढून टाका. तिथून पुढं नुसतं जागल्या लिहा, आता गावानं नेमलाय त्याला.

गोदाकाठ:
ताई हे फायनल. आज रात्रीच पहिला अंक पुन्हा लिहायला घेतो.