रे: रविवारच्या फ्लेक्सचा झेंडा चुकलाय

प्रेषक: चिटणीस
सोमवार, १६ नोव्हेंबर २०१५, रात्री ९.४०

मंडळी, पॅरिसच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना आला. फ्रान्सचे पट्टे उभे असतात, निळा काठीकडे. फ्लेक्सवाल्यानं आडवे घातलेत, वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. हा तर हॉलंडचा झेंडा झाला. उद्या सकाळी दहाच्या आत कळवलं तर फुकट बदलून देतो म्हणतो, नंतर पुन्हा पैसे पडतील. आणखी कुणाला काही खटकत असेल तर आत्ताच सांगा. मजकूर असा आहे:

"पॅरिस येथील १३ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या १२९ जणांना बेळगावच्या मराठी बांधवांची श्रद्धांजली."

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री १०.०५

झेंडा बदला, पण हे ठरवलं कुणी? रविवारी किल्ला स्पर्धेचं बक्षीस वाटप आणि फराळ, एवढंच ठरलं होतं. आठ बाय चारचा फ्लेक्स मंजूर नाही. कोजागिरीच्या मंडपवाल्याचे अजून द्यायचेत. ते कुणामुळे राहिलेत ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रेषक: अनगोळच्या काकू
सोमवार, रात्री १०.३१

कोजागिरी इथं काढू नका ओ. साठ जणांचं दूध मी एकटीनं आटवलंय.

आणि "बांधवांची" म्हणजे काय? भगिनी काय नुसत्या चकल्या तळायला?

प्रेषक: शहापूरचे काका
मंगळवार, १७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

हॉलच्या मॅनेजरशी बोललो. आत काय पाहिजे ते लावा म्हणाला. बाहेर कमानीवर लावायचं तर कन्नड मजकूर पाहिजे आणि गावाचं नाव "बेळगावी" पाहिजे. गेल्या वर्षी १ नोव्हेंबरला नाव बदललं तेव्हापासून त्याला धास्ती आहे. त्याआधी जुलैत येळ्ळूरच्या "महाराष्ट्र राज्य" फलकावरून काय झालं ते आठवतंय ना? मी "बेळगाव" सोडणार नाही. फ्लेक्स आतच लावा. सजावट समितीचं काम सजावट समितीला करू द्या, हेही एकदा नम्रपणे सांगतो.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ७.५०

आतच लावायचा तर आठ बाय चार कशाला? आत बसलेल्यांना माहीतच आहे आपण बेळगावचे.

प्रेषक: कॅम्पातला दादा
मंगळवार, सकाळी ९.२०

मला वेगळंच विचारायचंय. पॅरिसच्या आदल्या दिवशी, १२ तारखेला, बैरूतमध्ये भर वस्तीत दोघांनी स्वतःला उडवलं. आदिल तर्मूस नावाच्या माणसानं दुसऱ्याला मिठी मारून आडवं पाडलं आणि तो स्वतः गेला. तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली होती, तसंच. त्याचा फ्लेक्स कुठाय? फेसबुकवर सगळ्यांचे फोटो निळे-पांढरे-लाल झालेत, माझ्या बायकोचासुद्धा. "मी सुखरूप आहे" कळवायचं बटण पॅरिसला दिलं, बैरूतला नाही. लेबनॉनची माणसं हेच विचारायलेत.

प्रेषक: अनगोळच्या काकू
मंगळवार, सकाळी ९.४४

वहिनींचा फोटो छान आहे. तो नका बदलायला लावू.

प्रेषक: चिटणीस
मंगळवार, सकाळी ९.५५

झेंडा उभा करून घेतला. मजकूर शुक्रवारपर्यंत थांबवून ठेवायला सांगितलंय. दादा, बैरूतचा मुद्दा बरोबर आहे, पण आता तिसरा झेंडा घालायला लावू नका. लेबनॉनच्या झेंड्यावरचा देवदार काढायला सांगितला तर हा माणूस नारळाचं झाड काढून देईल.

प्रेषक: लंडनचा पाहुणा
बुधवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

काल रात्री वेम्बलीला मॅचला गेलो होतो, इंग्लंड विरुद्ध फ्रान्स. होणार की नाही अशी धाकधूक होती, पण झाली. स्टेडियमची कमान निळी-पांढरी-लाल. फ्रान्सच्या राष्ट्रगीताचे शब्द मोठ्या पडद्यावर दिले होते आणि इंग्रज माणसं फ्रेंचमध्ये गायली. माझ्या शेजारचा बापडा एकही उच्चार धड करत नव्हता, पण तोंड मिटलं नाही त्यानं. इंग्लंडनं दोन गोल मारले, पण गोल झाल्यावर ओरडायला जरा लाजल्यासारखं होत होतं.

याच वेम्बलीत शुक्रवारी मोदींची सभा होती. आम्ही ढोल वाजवून घरी आलो तर टीव्हीवर पॅरिस. दुसऱ्या दिवशी शनिवारी थेम्सकाठी बसवेश्वरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेही त्याच सावटात. काका, बसवेश्वर आपल्या बाजूचे म्हणून मुद्दाम गेलो होतो. तिथं मागं उभ्या असलेल्या हुबळीच्या माणसाशी मी कन्नडमध्ये बोललो आणि त्यानं मला मराठीत उत्तर दिलं. दोघांचंही बिघडलं नाही.

फ्लेक्सवर खाली एक ओळ कन्नडमध्ये घाला की.

प्रेषक: शहापूरचे काका
बुधवार, सकाळी ८.०२

तिकडं राहून सांगणं सोपं आहे. इंग्रजांना फ्रेंच गायला कुणी नोटीस पाठवून सांगितलं नव्हतं. आपण सीमाप्रश्नासाठी २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहोत. मी स्वतः कन्नड बोलतो, माझी धाकटी सून रामदुर्गची आहे, घरात निम्मं कन्नडच चालतं. पण हॉलचा मॅनेजर म्हणतो म्हणून लिहिणार नाही.

प्रेषक: पॅरिसहून पुतणी
बुधवार, रात्री ११.१८

काका, कालपासून तुमच्या सगळ्यांच्या मेल वाचतेय. उत्तर द्यायला उशीर झाला. आज पहाटे पॅरिसजवळच्या सां-दनीत पोलिसांनी छापा घातला, तास न् तास गोळीबार चालला होता. शाळेतून निरोपावर निरोप.

शुक्रवारी रात्री आम्ही घरातच होतो. रस्त्यावर अडकलेल्यांसाठी लोक ट्विटरवर "दार उघडं आहे" असं लिहून आपला भाग कळवत होते. आम्हीही लिहिलं. एक मुलगा आला, विशीतला. सोफ्यावर टेकला तो सकाळपर्यंत बूट काढलेच नाहीत. भाऊबीजेचे बेसन लाडू होते, दिला. त्यानं हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. सकाळी गेल्यावर बघितलं तर टेबलावर रुमालावर ठेवलेला, शेजारी आभाराची चिठ्ठी.

सोमवारी दुपारी बारा वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता होती. मी दुकानात रांगेत होते. कॅशवरच्या बाईनं हात गल्ल्यावर तसेच ठेवले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ओलांद व्हर्सायला संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं म्हणाले, फ्रान्स युद्धात आहे. तेव्हापासून दुकानाच्या दारात पिशवी उघडून दाखवावी लागते. हिजाब घालणारी माझी मैत्रीण बसऐवजी चालत जातेय. तिकडं पोलंड म्हणतोय निर्वासित नकोत, अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांचे गव्हर्नर म्हणतायत सीरियाचे नकोत. ती मैत्रीण इथंच जन्मली आहे.

फ्लेक्स लावा किंवा लावू नका, मला खरंच फरक पडत नाही.

प्रेषक: कॅम्पातला दादा
गुरुवार, १९ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ताई, काळजी घे. ते "युद्ध" मला पटत नाही, पण त्यावर रविवारनंतर लिहीन.

प्रेषक: सुभेदार आबा
गुरुवार, रात्री ८.५५

मी या लिस्टवर लिहीत नाही, नातवानं टाईप करून दिलंय.

मंगळवारी तुम्ही फ्लेक्सवर वाद घालत होता त्याच दिवशी कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक पडले. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. ४१ आरआर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं, आणि ती पोरं घडतात इथं, आपल्या कॅम्पात. साताऱ्याजवळ पोगरवाडीला आज अंत्यसंस्कार झाले. दिवसभर टीव्हीसमोर होतो. कर्नल स्वतः पुढं जातो तेव्हा मागच्या जवानाला काय वाटतं ते मला माहीत आहे.

एकाही मेलमध्ये त्यांचं नाव नाही. रागानं नाही सांगत. दादा म्हणतो बैरूत राहिलं, तर हेही राहिलं. रविवारी पोरं किल्ले घेऊन येतील, मातीचे मावळे मांडतील. त्याआधी दोन मिनिटं उभं राहू. पॅरिस, बैरूत, महाडिकसाहेब, सगळ्यांसाठी एकदाच. मी सावधान म्हणेन.

प्रेषक: शहापूरचे काका
गुरुवार, रात्री ९.२०

आबा, चुकलं. तुम्ही म्हणाल तसं.

प्रेषक: अनगोळच्या काकू
गुरुवार, रात्री ९.२६

फराळ त्यानंतर. आधी डबे उघडायचे नाहीत, मी दारात उभी राहते.

प्रेषक: चिटणीस
शुक्रवार, २० नोव्हेंबर, रात्री १०.१२

आज पॅरिसचा आकडा १३० झाला, रुग्णालयात आणखी एक जण गेला. फ्लेक्सवाल्याकडं १२९ चंच पडून आहे. तो म्हणतो, वर १३० ची पट्टी चिकटवतो. मी नको म्हटलं आणि फ्लेक्स रद्द केला. नमुन्याचे दोनशे मी देतो, खजिनदार, हिशेबात धरू नका.

शाळेतला काळा फळा आणू. आकडा नको, गावाचं नाव नको. नुसती नावं: पॅरिस, बैरूत, कर्नल संतोष महाडिक. काका, अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्हीच लिहा.

प्रेषक: शहापूरचे काका
शुक्रवार, रात्री १०.४०

लिहितो. नावं आधी मराठीत. त्याच्याखाली कन्नडमध्ये सूनबाई लिहील, ती स्वतःच म्हणाली. मॅनेजरला सांगू नका, नाहीतर त्याला वाटेल त्याच्यामुळं झालं.

प्रेषक: खजिनदार
शनिवार, २१ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

फळा मिळाला, पुसणं नाही. खडू माझ्याकडे आहेत. पण चिवडा कुणाकडून येणार ते आठवडाभरात एकानंही लिहिलेलं नाही.