प्रतीक कुहाड ‘विकला गेला’ म्हणणाऱ्यांना विचारायचंय

कर्वेनगरचा गिटारवाला

परवा मृद्गंध यांनी गायक-गीतकार प्रतीक कुहाडबद्दल लिहिलं, "सिनेमात गाणी, ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत नाव, वर एलेक्ट्रा या अमेरिकी रेकॉर्ड लेबलशी करार. प्रतीक कुहाडला आता इंडी, म्हणजे स्वतंत्र कलाकार, म्हणू नका, तो विकला गेला." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

विकलं काय त्यानं, ते सांगा. जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला, तिथेच एलियट स्मिथ या अमेरिकी गायकाच्या गाण्यांनी झपाटला आणि दिल्लीला येऊन गाणी करत बसला. २०१३ ला ‘रात राजी’, २०१५ ला ‘इन टोकन्स अँड चार्म्स’. तेव्हा आपल्यापैकी किती जण ऐकत होते? ‘कोल्ड/मेस’ आलं २०१८ मध्ये, ओबामांनी ते यादीत घेतलं २०१९ च्या शेवटी आणि एलेक्ट्राचा करार झाला डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे ज्या गाण्यानं त्याला जगभर नेलं, ते लेबल यायच्या आधीच लिहून, गाऊन झालं होतं. सिनेमाचं म्हणाल तर ‘कारवाँ’मधली ‘कदम’ आणि ‘साँसें’ पुन्हा ऐका. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. सिनेमासाठी त्यानं आपली बोली बदललेली नाही.

मी आठ वर्षं कॅफेंमधून वाजवतोय. एका ठिकाणी दोन तास गाऊन झाल्यावर मालकानं पास्ता पुढे ठेवला आणि म्हणाला, "नाव होईल की तुझं." अ‍ॅम्प्लिफायरचं भाडं माझं, रिक्षाचे पैसे माझे. त्यामुळे स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या एखाद्याला चार पैसे मिळाले, तर मला आनंदच होतो. तुम्हाला का त्रास होतो?

मृद्गंध

त्रास पैशाचा नाही. माझं वाक्य अर्धंच वाचलंत. इंडी म्हणजे गरीब असं मी कुठे म्हटलं? इंडी म्हणजे ज्याच्या गाण्यावर कंपनीची बोटं नाहीत. एलेक्ट्रा ही वॉर्नर म्युझिकची. प्रतीकचा ‘द वे दॅट लव्हर्स डू’ हा अल्बम २०२२ ला आला, तिकडे सिएटलजवळच्या स्टुडिओत, ‘लुमिनियर्स’ या अमेरिकी बँडबरोबर काम केलेल्या रायन हॅडलॉक या निर्मात्याकडून करून घेतला. सगळं घासूनपुसून लख्ख. पण पूर्वी ओळ संपताना त्याचा श्वास ऐकू यायचा, बोटं तारेवर घसरल्याचा आवाज यायचा. त्या रेकॉर्डमध्ये मला तो माणूस सापडत नाही. तारखा तुम्ही बरोबर लावल्यात, मान्य. पण करार आधी की गाणं आधी, हा माझा प्रश्नच नव्हता.

अवलिया७२

दोघंही मूळ सोडून बोलताय. न्यूयॉर्कला शिकायला जाता येतं, मग कन्सल्टिंगची नोकरी करता येते, मग ती मागे टाकून दिल्लीत गाणी लिहीत बसता येतं. हे कुणाला परवडतं? माझा धाकटा भाऊ पेटी अशी वाजवायचा की भजनाला बाहेरगावची माणसं यायची. स्वतःच्या चाली होत्या त्याच्या. वडील गेले आणि एकोणिसाव्या वर्षी तो एमआयडीसीत शिफ्टला लागला. पेटी माळ्यावर आहे. आता म्हणतो, भात्याला उंदीर लागले असतील. इंडी हा शब्दच पोट भरलेल्यांचा आहे.

कर्वेनगरचा गिटारवाला

भावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण प्रतीकच्या घरी काय होतं, फी कुणी भरली, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसताना लिहू नका. आणि पोट भरलेले हजारो जण गिटार घेतात. ‘कसूर’सारखं गाणं त्यातल्या किती जणांना सुचतं?

अवलिया७२

फी कुणी भरली ते माहीत नाही, तेवढं मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

सिन्नरकर

अवलिया, शब्द पोट भरलेल्यांचा असेल. माणूस नाही. आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक घ्या. जन्म १९२२ चा. मुंबईला गिरणीत काम केलं. अक्षरओळखही मोठेपणी झाली, रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ ला जाईपर्यंत हजारो लिहिली. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गावोगाव जाऊन गायचं. लेबल नाही, मॅनेजर नाही. माझ्या वडिलांकडे त्यांच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, मांडवाबाहेर घेतलेल्या. इथे सगळे एलियट स्मिथपर्यंत पोचलात. सिन्नर त्याहून लांब आहे का?

मृद्गंध

माफ करा, पण हे पटत नाही. वामनदादांना इंडीच्या रांगेत बसवणं म्हणजे त्यांना लहान करणं. त्यांच्यामागे बाबासाहेबांची चळवळ होती. त्यांचं गाणं लोकांसाठी होतं. खोलीत बसून प्रेमभंगावर लिहिणं आणि हे एकाच मापानं कसं मोजणार?

सिन्नरकर

लहान कोण करतंय? ‘चळवळीचे कवी’ म्हणून एका कप्प्यात ठेवायचे आणि संगीताची चर्चा निघाली की तो कप्पा उघडायचाच नाही, हेच तर आयुष्यभर बघत आलोय. वामनदादांनी गझल लिहिली, लावणी लिहिली, प्रेमावर लिहिलं. हे ठाऊक होतं का? राग येतो तो याचा. माझ्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनात भावगीतं व्हायची. सातवीत मी वामनदादांचं गाणं म्हणतो म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "ते एप्रिलमध्ये म्हण." ते वाक्य अजून कानात आहे.

रेवा, न्यू जर्सी

मी मध्येच बोलते. स्वतः लिहिणारा-गाणारा म्हटलं की मला संदीप खरे आठवतात. २००३ पासून सलील कुलकर्णींबरोबर ‘आयुष्यावर बोलू काही’चे प्रयोग केले त्यांनी. इथल्या मंडळात झाला तेव्हा आमच्या सासूबाईंना सगळ्या कविता पाठ. तेही सिनेमाशिवायच मोठे झाले ना? आणि एक राहवत नाही म्हणून सांगते: इथे एका कार्यक्रमात शेजारची माणसं अख्खं गाणं मोबाईलवर घेत होती आणि घेताना गप्पाही चालू! समोरचा गिटारवर एकटा गातोय, त्याला ऐकू जात असेल हो सगळं.

कर्वेनगरचा गिटारवाला

जातं, रेवाताई. हळू कडवं असतं तेव्हा तर बिलाची चर्चासुद्धा ऐकू येते.

सिन्नरकर, वामनदादांचं मी फक्त डीजेवर ऐकलंय. नाव माहीत होतं, पण कुठलं गाणं त्यांचं ते कळायचं नाही.

सिन्नरकर

कसं कळणार? आमच्या घरी एक कॅसेट होती, वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो, आत कवीचं नाव कुठेच नाही. वडिलांनी स्वतः पेनानं लिहिलं होतं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क कायद्यात पक्का झाला, तोवर दादांना जाऊन आठ वर्षं झाली होती. पण एक खूण सांगतो. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐक. तिथे ‘वामन’ येतो, अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तसा. वेष्टनावरून नाव काढता येतं, कडव्यातून काढलं तर चाल मोडते.

अवलिया७२

भाऊ स्वतःच्या भजनात शेवटी आपलं नाव घालायचा. आम्ही हसायचो त्याला.

मृद्गंध

सिन्नरकर, प्रेमावर लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. ती चूक माझी. ‘एप्रिलमध्ये म्हण’ हे मीही नकळत म्हटलं असेन. पण कुहाडबद्दल मत तेच. कंपनी आली की शेवटच्या कडव्याला कात्री लागते, ही माझी भीती. वामनदादांच्या उदाहरणानं ती वाढली, कमी झाली नाही.

कर्वेनगरचा गिटारवाला

मग ‘शहरों के राज’ ऐका. २०२१ चं, कराराच्या नंतरचं, सगळं हिंदी. कात्री कुठे लागली ते दाखवा, मी ऐकून घेईन.

सिन्नरकर, पुस्तिकेतलं प्रेमावरचं एखादं गाणं कळवाल का? चाल मात्र वडिलांकडून ऐकायची आहे, फोनवर चालेल.

सिन्नरकर

फोनवर नको, त्यांना कमी ऐकू येतं, ओरडून गायला लागतात. रविवारी ये. गिटार आण, पण पट्टी ते सांगतील ती.