मदत हवी आहे: क्रूझवर टीनएजर मुलांच्या झोपेचं कसं जमवता?

डिसेंबरच्या सुट्टीत मायामीहून क्रूझला जातोय, आम्ही दोघं, मुलगी १६ची, मुलगा १३चा, आणि पुण्याहून सासूसासरे येतायत. प्रश्न मुलांच्या रात्रीचा आहे. टीन क्लब उशिरापर्यंत चालतो, बऱ्याच जहाजांवर १७ पर्यंतच्या मुलांना रात्री साधारण १ नंतर एकटं फिरू देत नाहीत, पण १ म्हणजे प्रत्यक्ष झोपायला दोन वाजणार आणि मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदरात सकाळी ८ला स्नॉर्कलिंग बुक केलंय!

या वयात मेलाटोनिनच (झोप आणणारं हार्मोन) उशिरा वाढतं, झोप उशिरा येते, म्हणून दहाला झोपाच असा माझा हट्ट नाहीये. पण ८ ते १० तास झोप लागतेच ना, आणि अर्धवट झोपेत पोरांनी समुद्रात उतरणं मला अजिबात पटत नाही. त्यात त्यांची केबिन आतली, खिडकीच नाही, सकाळ झालेली कळणारच नाही.

सासूबाई म्हणतात मी झोपते नातवंडांजवळ, पण त्यांची झोप फार सावध, दार वाजलं की उठून बसतील, आणि त्यांचीही सुट्टी आहे.

माझ्या डोक्यात असंय की बंदराच्या आदल्या रात्री साडेअकरा, दुसऱ्या दिवशी नुसता समुद्रच असेल तर एक. धाकट्यालाही हीच वेळ द्यावी का? लवकरची दिली तर ताईला एक आणि मला अकरा का म्हणून भांडणार नक्की. आणि मुलं केबिनमध्ये परत आली हे कसं कळतं, क्रूझच्या ॲपवरचं चॅट रात्री नीट चालतं का? या वयाची मुलं नेलेल्यांनी प्लीज सांगा.