कोरियन स्पाय कॉमेडी शेवटी रडवतातच का?

रीळवेडी:
काल रात्री 'सीक्रेटली ग्रेटली' बघितला, २०१३ चा, हिरो किम सू-ह्यून. कॉमेडी म्हणून लावला आणि पहिला तासभर खरंच पोट दुखेपर्यंत हसले. उत्तर कोरियाचा एकदम तयारीचा हेर आणि त्याला काम काय तर दक्षिणेतल्या एका गरीब वस्तीत येडा बनून राहायचं, हिरवा ट्रॅकसूट घालून मुद्दाम धडपडायचं, पोरांनी छळलं तरी गप्प बसायचं. आणि मग दुसऱ्या भागात सगळं असं फिरतं की शेवटी मी डोळे पुसत बसले. याला कॉमेडी कसं म्हणायचं? आणि शेवटपर्यंत हसवणारा एखादा आहे का?

मध्यरात्रीचा शो:
पासबुकाचा सीन ना? (स्पॉयलर आहे, बघितला नसेल तर पुढे जा.) दुकानवाली म्हातारी त्याला दिवसभर राबवते, ओरडते, आणि शेवटी कळतं की तिने त्याच्या नावाने पैसे साठवलेत आणि पासबुकातल्या नोंदीत त्याला आपला दुसरा मुलगा म्हटलंय. तिकडे उत्तरेत त्याची खरी आई. मला वाटतं रडू येतं ते यामुळेच, तिथे हेर म्हणजे नुसती पिक्चरमधली कल्पना नाही. १९५३ ला दोन्ही कोरियांत फक्त युद्धविराम झाला, शांतता करार आजपर्यंत नाही, दक्षिणेत हेराची खबर द्यायला पोलिसांचा ११३ नंबर आहे. अशा ठिकाणी हेरावर हसायचं म्हटलं की थोड्या वेळाने तो माणूस दिसायलाच लागतो, मग हसू टिकत नाही.

चहा_आणि_सबटायटल्स:
मला तर यातला सगळ्यात भारी २०१२ चा 'द स्पाईज' वाटतो, दिग्दर्शक वू मिन-हो चा. त्यातले हेर इतकी वर्षं दक्षिणेत राहिलेत की मिशन बाजूलाच, पोटापाण्याची काळजी जास्त. एक जण चीनमधून चोरून आणलेली व्हायग्रा विकतो, एक बाई घरांची दलाली करते, आणि अचानक वरून हुकूम येतो की उत्तरेतून पळून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला संपवा. यू हे-जिन त्यात हुकूम घेऊन येणारा आहे, नेहमी हसवणारा माणूस इथे भीती घालतो. पण हाही पूर्ण हलकाफुलका नाही हां.

मध्यरात्रीचा शो:
हो तो पण मस्त. हलकंच हवं असेल तर २००९ चा 'माय गर्लफ्रेंड इज अॅन एजंट' बघा, दोघंही गुप्तचर खात्यात आणि दोघंही एकमेकांपासून लपवतात, कोरियन नावाचा अर्थच 'सातव्या श्रेणीचा सरकारी कर्मचारी' असा आहे. नाहीतर 'हिटमॅन एजंट जून', त्यात क्वॉन सांग-वू गुप्तचर खातं सोडून वेबटून, म्हणजे ऑनलाइन कॉमिक, काढायला लागतो, कोणी वाचत नाही, मग दारूच्या नशेत स्वतःच्याच गुप्त मोहिमा काढून टाकतो आणि तेच हिट होतं.

पडद्यामागची:
'ओके मॅडम' राहिला की! २०२० चा. बाजारात पिळाचे डोनट विकणारी बाई, नवऱ्याचं कॉम्प्युटर रिपेअरचं काम, हवाई बेटांची ट्रिप लागते आणि नेमकं तेच विमान हायजॅक होतं. ओम जंग-ह्वा ने काय धमाल केलीय. एकच सांगते, डब केलेलं बघू नका कुठलंच, उत्तरेकडची बोली आली की अर्धी गंमत त्या उच्चारात असते, डबिंगमध्ये सगळे एकसारखे बोलतात.

रीळवेडी:
पासबुकाचं वाचून परत गलबलून आलं. आज आईबरोबर 'ओके मॅडम' लावते, तिला विमानातले पिक्चर आवडतात.

पडद्यामागची:
लाव लाव, पण ट्रेलर बघू नकोस, विमानात नक्की कोण कोण आहे ते आधी कळलं तर मजा जाईल.